डोकी खाली

त्या दुपारी मी दुसरीच्या वर्गावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मनात म्हणाले, याला म्हणतात शिस्त.

चाळीस मुलं बाकांवर डोकी टेकवून बसली होती. हात डोक्याखाली, तोंडं भिंतीकडे, एकाचाही पाय हलत नव्हता. समोर टेबलावर त्यांच्या बाईसुद्धा तशाच, उजव्या हातावर गाल ठेवून. पंखा फिरत होता. स्टेशनच्या बाजूला मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत होते, तेवढाच काय तो आवाज. मी खिडकीतून पाहिलं, हसले आणि चौथीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन पुढे गेले. अर्ध्या तासानं परतताना पाहिलं, तर तसंच. तेव्हाही मला शंका आली नाही. माझ्या वर्गात इतकी शांतता कधी नसते, याचा थोडा हेवाच वाटला.

आमच्या शाळेतली ही जुनी रीत आहे. मोठी सुट्टी संपली की दहा मिनिटं ‘डोकी खाली’. डोळे मिटायचे, बोलायचं नाही, आणि बाई ‘उठा’ म्हणेपर्यंत डोकं वर करायचं नाही. डबा खाऊन, उन्हात पळून आलेली मुलं त्यानं थंड होतात. पालकांना हे फार आवडतं. ‘मिशनच्या शाळेत पोरगं वळणाला लागतं,’ असं म्हणून लोक भांडगावापासून रिक्षा लावून मुलं धाडतात.

शाळा चौथीपर्यंतची, सेमी इंग्लिश, आणि चर्च त्याच आवारात. वर्गात आठ-दहा मुलं ख्रिस्ती. बाकीची शेतकऱ्यांची, रेल्वेवाल्यांची, कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांची. काय अपेक्षा आहेत ते प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं जातं. नखं कापलेली हवीत. रुमाल घडीचा हवा. भेटेल त्या मोठ्या माणसाला ख्रिस्ती घरांतल्यासारखं ‘सलाम’ म्हणायचं. प्रार्थनेला डोळे मिटायचे; मिटल्यावर मनात कुठला देव आणायचा ते ज्याचं त्यानं बघावं, पण डोळे मिटायचे. नाताळात प्रत्येक घरातून काहीतरी खायचं यावं, आणि दिवाळीत आमच्यासारख्या हिंदू घरांतला फराळ चर्चच्या पाळक साहेबांकडे जावा, हे कोणी सांगत नाही, तरी होतं.

मी निमोण्याची. माहेरी कांदा आणि ऊस. लग्न होऊन दौंडला आले, डी.एड. झालेलं होतं, इथं जागा निघाली. त्याला सोळा वर्षं झाली. परिपाठाची प्रार्थना पाळीपाळीनं आम्ही सगळ्याच घेतो, मीही घेते. एकदा घरी गणपतीची आरती संपली आणि माझ्या तोंडून ‘आमेन’ निघून गेलं. सासूबाई म्हणाल्या, “प्रसाद तरी इथलाच खा.”

तर त्या दुपारी तिसऱ्यांदा मी गेले ती घंटेमुळे. तास संपल्याची घंटा झाली आणि दुसरीतून बाकं सरकल्याचा आवाज आला नाही. आत गेले, बाईंच्या खांद्याला हात लावला. “बाई, तास झाला.” हात गालाखालून निसटला आणि टेबलावर आपटला. तसा आपटलेला हात माणूस लगेच मागे ओढून घेतो. त्यांनी घेतला नाही.

मुलांकडे वळले. चाळीस डोकी खालीच. काहींचे डोळे कोपराच्या फटीतून माझ्याकडे लागले होते. तासभर ती तशी पडून होती. मोठी सुट्टी संपल्यापासून ‘उठा’ कोणी म्हटलंच नव्हतं.

मी म्हटलं, “उठा.”

सगळी डोकी एकदम वर आली. एकही मूल रडलं नाही. गालांवर बाकाच्या कडांचे लाल वळ होते, सगळ्यांचे एकाच बाजूला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना कळलंही नसेल. मी विचारलं, मी पहिल्या फेरीला आत गेले असते तर? डॉक्टर खिशात पेन शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी माती झाली. शाळेला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी परिपाठाला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यांचा स्वतःचा आवाज बसला होता. त्या आणि दुसरीच्या बाई तीस वर्षांच्या मैत्रिणी. चिठ्ठीत दोन वाक्यं होती. मी ती मोठ्यानं वाचली. “दुसरीच्या आपल्या लाडक्या बाई परवा दुपारी प्रभूमध्ये झोपी गेल्या आहेत. त्या पुन्हा उठतील ही आपली आशा आहे.”

ख्रिस्ती घरांत हे असंच म्हणतात. निधनाच्या पत्रिकेत, थडग्यावरच्या दगडावर, मंडळीतल्या बोलण्यात, सगळीकडे. सोळा वर्षांत माझ्या कानांना त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं. पण दुसरीच्या चाळीसांपैकी तिसांच्या घरी माणूस ‘वारतो’, ‘जातो’, ‘देवाघरी जातो’. झोपत नाही. आणि या मुलांनी बाईंना खरोखर झोपताना पाहिलं होतं.

दुसरीचा वर्ग मला दिला. पहिले दोन दिवस मुलं शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी परिपाठ माझ्याकडे होता. प्रार्थना घेताना मध्येच एक डोळा किलकिला करून बघायची मला सवय आहे. कोण कोणाची वेणी ओढतंय ते त्याशिवाय कळत नाही. पाहिलं तर पहिली, तिसरी, चौथीचे डोळे मिटलेले. दुसरीची रांग हात जोडून उभी होती आणि एकूण एक मुलाचे डोळे टक्क उघडे. ती माझ्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे बघत होती. गुराख्यानं कळपाच्या कडेच्या गुराकडे बघावं तशी. मी ‘आमेन’ म्हटलं, मोठ्या बाईंनी डोळे उघडले, आणि रांगेतून एकदम श्वास सुटल्याचा आवाज आला.

त्या दुपारी ‘डोकी खाली’ म्हटलं. डोकी खाली गेली. मी फळ्यावर उदाहरणं लिहायला वळले. मिनिटभरानं मागून कुजबुज आली.

“हायेस का?”

“हाय.”

मग पुढच्या बाकावर. “हायेस का?” “हाय.” खिडकीच्या ओळीतून मागे, मागून दाराच्या ओळीत, तिथून पुढे. पाण्याच्या पाटासारखं ते वर्गभर फिरलं, पहिल्या बाकापर्यंत आलं आणि पुन्हा सुरू झालं. मी खडू धरून तशीच उभी राहिले. माझ्या पाठीला ते आवडलं नाही, एवढंच सांगते.

“कोण बोलतंय?”

सगळं गप्प. डोकी खाली, डोळे उघडे.

जवळ जाऊन पाहिलं तर कित्येकांच्या हातांवर चिमट्यांचे निळे डाग होते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला काढलेले. सगळ्यांत जास्त डाग पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातावर होते, आणि ते तिचे तिनंच काढलेले दिसत होते. सात वर्षांची मुलगी. डोळ्यांखाली म्हातारीसारखी काळी वर्तुळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. शाळा भरायच्या आधी, हातात हेल्मेट, डोळे लालभडक. कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर. मला वाटलं, प्यायलेत. तसं नव्हतं.

“बाई, तुमी काय शिकिवताय ओ पोरीला?”

“काय झालं?”

“मला झोपू देत न्हाई. माझी नाईट चालू हाय. सकाळी येतो, भाकरी खातो, आडवा होतो. शाळंत यायच्या आदी हलीवती. शाळंतनं आली की हलीवती. आवं, सुट्टीच्या दिवशी तर दर घटकंला. बोटानं पापणी उचलून बघती, म्हंती, बाबा हायेस का? हाय म्हणलं की जाती. मी लटकंच घोरलो, तरी ऐकत न्हाई.”

“आणि ती स्वतः?”

“ती कुठं झोपती! भिताडाला टेकून बसती. डुलकी लागली की चिमटा काढून घेती. तिची आई म्हंती, बाहेरचं लागलं, उतरून टाकू. टाकलं लिंबू. लिंबू गेलं, ही बसलीय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “परवा कंपनीत व्हॉल्व्हपाशी मला झोप लागली. उभ्या उभ्या. सुपरवायझरनं हेल्मेटवर टपली हानली म्हून जागा झालो. तिथं आमच्यात डुलकी म्हंजी काय, तुमाला सांगायला नको. शनिवारपतुर बगतो, न्हाईतर पोरीला गावाकडं न्हेऊन टाकतो, झेडपीच्या शाळंत. तिथं गोंधळ असतू, पर पोरं झोपत्यात तरी.”

“शनिवारपर्यंत थांबा,” मी म्हणाले. मला त्या माणसाला पुन्हा रात्रपाळीला जाऊ द्यायचीच भीती वाटत होती, पण ते काही माझ्या हातात नव्हतं.

मधल्या सुट्टीत मुलीला जवळ घेऊन बसले. डबा उघडा होता, ती खात नव्हती.

“बाबांना का उठवतेस?”

“झोपत्यात म्हणून.”

“झोपलेल्याला उठवायचं असतं का?”

“लवकर उठवायचं असतं.” ती पोळीचा तुकडा मोडत बसली. “बाई झोपल्या तवा मी बघितलं. माझं डोकं वर होतं. मी टेबलापाशी गेले. मग सगळ्यांना सांगितलं, गप पडा, बाईंना उठवू नका.”

“का सांगितलंस तसं?”

“त्यांचं डोकं दुखत होतं. सकाळीच म्हणाल्या होत्या.” मग माझ्याकडे पाहून, “आन् तुम्ही खिडकीत आला. हसला. मला वाटलं, बरोबर हाय.”

मी डबा तिच्यापुढे सरकवला.

“परत आला, तवा पण हसला,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. कोण कुठे होतं ते सांगावं तसं. “तवाच उठवलं असतं तर उठल्या असत्या ना? आता मातीखाली आहेत. उठतील म्हणता, पण तिथं ‘उठा’ ऐकू येतं का?”

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, मला वर्गात स्पष्ट सांगायचंय की बाई मेल्या.

“मेल्या?” त्यांनी चष्मा काढला. “आपल्यात तसं म्हणत नाहीत.”

“माहीत आहे.”

“मी चिठ्ठीत खोटं काही लिहिलेलं नाही. माझा विश्वास आहे त्यावर.”

“तुमचा आहे ते ठीक आहे, बाई. मुलांचा पण बसलाय. म्हणून ती झोपत नाहीत.”

त्या चष्मा पदरानं पुसू लागल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. त्या झोपतात की नाही हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. चष्मा लावून म्हणाल्या, “ती पुन्हा उठणार नाही, एवढं मात्र म्हणू नका. बाकी काय ते म्हणा.”

“ते माझं काम नाही,” मी म्हणाले. “मी फक्त दुपारच्या ‘डोकी खाली’चं बघते.”

शेवटच्या तासाला मी वर्गाचं दार लावलं आणि टेबलासमोर उभी राहिले. “नीट ऐका. बाई झोपल्या नव्हत्या. बाई मेल्या. मेलं की श्वास बंद होतो. झोपलं की श्वास चालू राहतो. झोपलेला माणूस उठतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपापल्या नाकाखाली बोट धरा.”

चाळीस बोटं नाकाखाली गेली.

“काय लागतंय?”

“वारं!”

“आता शेजाऱ्याच्या.”

थोडी खिदळाखिदळ झाली. “बाई, याचा शेंबूड!” त्या आठवड्यात पहिल्यांदा वर्ग वर्गासारखा वाटला. पहिल्या बाकावरची मात्र उभी राहिली.

“उठवलं असतं तर?”

हेच मी डॉक्टरांना विचारलं होतं. “नाही,” मी म्हणाले. “उठल्या नसत्या. तू उठवलं असतंस तरी नाही आणि मी उठवलं असतं तरी नाही.” मला हे माहीत नव्हतं. आजही नाही. पण अर्धवट उत्तर देऊन चालणार नव्हतं.

तिनं थोडा विचार केला. “मग तुम्ही झोपून दाखवा.”

“कुठे?”

तिनं टेबलाकडे बोट केलं.

त्या खुर्चीत मी आठवडाभरात बसले नव्हते. उभ्यानंच शिकवत होते. मुलांनी ते पाहिलं असणार. बसले. उजवा हात ठेवला, गाल टेकला, डोळे मिटले. लाकडाला खडूचा आणि कुठल्याशा तेलाचा वास होता. तो बाईंच्या केसांचा असावा. पंख्याचा आवाज टेबलातून कानात येत होता. मग चपला काढलेली पावलं जवळ आली आणि एक लहान, पोळीच्या वासाचं बोट माझ्या नाकाखाली येऊन थांबलं.

असं कोणी बोट धरलं की श्वास आपोआप घेता येत नाही. मुद्दाम घ्यावा लागतो. मी मोजून घेऊ लागले. वर्गातून आवाज नव्हता. चाळीस जण वाट बघताहेत हे डोळे मिटूनही कळत होतं. एकदा वाटलं, आता ‘उठा’ म्हणायचं कुणी? मीच म्हटलं तर ते चालेल का?

“उठा,” ती म्हणाली.

उठले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. “परत,” ती म्हणाली.

परत केलं. परत बोट, परत “उठा.” मग तिसऱ्यांदा. सांगायला हरकत नाही, त्या आठवड्यात मीही घरी फारशी झोपत नव्हते. डोळा लागला की ती खिडकी दिसायची आणि खिडकीत हसणारी मी. तिसऱ्यांदा डोकं टेकलं, बोट आलं, पंखा कानात घरघरला, आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होता.

बाकं सरळ होती, दप्तरं नव्हती, दाराबाहेरच्या चपलांच्या ओळी गेल्या होत्या. शाळा सुटल्याची घंटा मी ऐकली नव्हती. घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं. गालावर टेबलाच्या कडेचा वळ हाताला लागला. क्षणभर मला खरंच कळेना, मला कोणी उठवलं की मी आपणच उठले.

“उठल्या,” कोणीतरी म्हणालं.

ती पहिल्या बाकावर बसली होती, पाठीला दप्तर लावून. दारात तिचे वडील उभे, हेल्मेट काखेत.

“तू गेली नाहीस? मला हाक का नाही मारलीस?”

“श्वास चालू होता,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना सांगितलं, चपला हातात घ्या. मोठ्या बाई आल्या, घाबरल्या. मी म्हणलं, बोट लावून बघा. त्यांनी बघितलं. मग गेल्या.”

“मी पाऊण तास हितंच हाय,” वडील हळू आवाजात म्हणाले. “आत येऊ देईना. म्हंती, बाई झोपल्यात.” त्यांनी जांभई दिली, मोठी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “काय गं बये, मंग आज मला झोपू देती का?”

तिनं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

“बोट लावून बघीन,” ती म्हणाली. “उठवणार न्हाई.”

“किती बारी बघशील?”

“दोनदा.”

“येकदा.”

“दोनदा,” ती म्हणाली आणि त्यांच्या मोटरसायकलकडे चालू लागली. मी पर्स घेतली, खिडक्या लावल्या. बाहेर आले तेव्हा गाडी फाटकातून वळत होती. ती पुढे टाकीवर बसली होती, हँडलच्या मधोमध डोकं टेकून, आणि तिचे वडील एका हातानं गाडी चालवत दुसरा हात तिच्या नाकापुढे धरून होते.